निशाणी बांगडी

बँकेतल्या पोरीनं काही न विचारता शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं, आणि त्या जांभळ्या शाईच्या वासानं मला निजामाच्या काळातल्या नळदुर्गच्या कचेरीत नेऊन उभं केलं. नवरा जाऊन दोन महिने झाले होते आणि त्याच्या जमिनीवर माझं नाव लावायचा अर्ज होता. वडील तुळजापुरात मास्तर, त्यांनी मला पाटीवर गिरवून घेऊन लिहायला शिकवलेलं. कारकुनानं उर्दूतला अर्ज वाचून दाखवला. मी सहीसाठी हात पुढं केला, तर म्हणाला, "बाई, तुम्ही नुसता कलमाला हात लावा. निशाणी मी काढतो." "मला लिहिता येतंय," मी म्हणाले. शेजारी उभे असलेले दीर खेकसले, "वहिनी, चारचौघांत शोभा करू नका!" तोवर कारकुनानं अर्जाखाली एक गोल काढलासुद्धा. कुणब्याची निशाणी नांगर, तशी बाईची बांगडी. मग ती बाई शिकलेली असो की नसो. माझी दोन्ही मनगटं उघडी होती. दिरांकडं बोट करून मी ओरडले, "दोन महिन्यांमागं ह्यांच्याच अंगणात माझ्या बांगड्या फोडल्या, अन् आता तुम्ही कागदावर भरताय व्हय?" सगळी कचेरी वळून माझ्याकडं बघायला लागली. पण कागद काही बदलला न्हाय. कारकुनानं माझं बोट धरून कलमाला टेकवलं आणि अर्ज बांगडीसकट पुढं गेला. आज मी ते पॅड झाकण लावून पोरीकडं परत सरकवलं आणि म्हणाले, "पेन दे."