निर्माल्य आणि चिलटं

जपानात, त्सुकुबातल्या प्रयोगशाळेत मी चिलटांना विष घालते आणि त्याचा पगार घेते. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, तीच चिलटं. त्यांच्या खाण्यात कॅडमियम कालवायचं आणि कोण जगतं ते बघायचं. पहिल्या पिढीत बहुतेक मरतात. उरलेल्यांची पोरं जरा निभावतात. पुढच्या पिढ्या तर तेच विष खाऊन सुखाने संसार करतात. परदेशी स्थायिक झालेल्यांना यात नवीन काही नाही म्हणा.

बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं. जमलं तर कायमची, नाही तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी. मला ती इथेच हवी होती.

आल्या आल्या तिला प्रयोगशाळा दाखवली. बाटलीत डोकावून म्हणाली, "सवय झाली की गं बिचाऱ्यांना!"

"सवय नाही, आई. एकटं चिलट बदलत नाही. ज्याला झेपत नाही ते मरतं, ज्याला झेपतं त्याचा वंश वाढतो."

"काय मेलं अभद्र बोलतेस! माणसाला होते सवय."

आणि लागली कामाला. लिफ्टमध्ये शेजारणीला खणखणीत मराठीत "जेवलात का?" विचारायची. ती बिचारी घाबरून मधल्याच मजल्यावर उतरायची. कचऱ्याचे इथे इतके प्रकार, की माझ्या मुलीला पाढ्यांच्या आधी ते पाठ झाले. आईने तेही शिकून घेतले. पण निर्माल्य? "देवाची फुलं कचऱ्यात? मी मेल्यावर टाका!" रोज सकाळी ती फुलं इमारतीच्या आवारातल्या तळ्यात सोडायची, हात जोडून.

काही दिवसांनी इमारतीच्या सूचनाफलकावर कागद लागला. इथे कोणी तोंडावर बोलत नाही. चूक एकाची असली तरी विनंती सगळ्यांना, आणि वर गोंडस चित्र. कागदावर तळं होतं, फुलं होती, मोठ्या डोळ्यांचा मासा होता. आई हरखली. "बघ! आवडलं गं त्यांना!"

काय लिहिलंय ते मी तिला सांगितलं नाही. इतकी वर्षं इथे काढून गप्प बसण्यात मी तरबेज झालेय. शेजारीण दिसली तशी कमरेत वाकून माफी मागितली. कशाची, ते तिनेही विचारलं नाही. आईने मात्र पुण्याच्या सगळ्या मावश्यांना फोन केले आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट फुलं सोडली.

शेवटी माझ्या मुलीनेच कागद वाचला. आधी जपानीत, मग आजीसाठी मोडक्या मराठीत. "फुलं टाकू नका लिहिलंय. मासे आजारी होतात. आजी, तूच टाकतेस ना?"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्या कागदाचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा.

त्यानंतर निर्माल्य जळाऊ कचऱ्यात जाऊ लागलं, निथळून, कागदात गुंडाळून. लिफ्टमध्ये आई मान खाली घालून उभी राहायची. फोनवर कुजबुजायची. शेजारीण आता आमच्यासोबत आपल्या मजल्यापर्यंत यायची. एकदा मला म्हणाली, तुमच्या आई किती शांत आहेत! मी आभार मानले. जिंकलो एकदाचे, असं वाटलं मला.

एका सकाळी कचऱ्याची पिशवी बांधता बांधता आईने विचारलं, "माझं तिकीट कधीचं काढतेस?"

"अगं, आता कुठे जमायला लागलंय तुला! सवय झाली की!"

गाठ बरोबर आहे ना, हे बघायला तिने पिशवी नातीपुढे धरली.

"सवय नाही गं," ती म्हणाली. "तूच सांगितलंस ना? एकटं चिलट बदलत नाही."