शिंदीचं खमीर

लातूरला आमची बेकरी होती. आदल्या दिवशीच्या पिठाचा थोडा आंबलेला गोळा राखून ठेवायचा, त्यानं नवं पीठ फुगवायचं. त्या गोळ्याला अब्बा खमीर म्हणत आणि त्याला घरच्याच माणसाचा हात लागू देत. भूकंप झाला तेव्हा मी अकरावीत होतो. भट्टीला तडा गेला तरी अब्बांनी पडलेल्या गावांना पाव पाठवले. माणसं कमी पडली म्हणून मला परातीपाशी बसवलं. खमिराला माझा हात चालू लागला तो तेव्हापासून.

पुढं गावात क्लासेसचं पेव फुटलं. डॉक्टर करायचं म्हणून मलाही तिथं जुंपलं. डॉक्टर काही झालो नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो आणि नांदेडच्या एका प्रयोगशाळेत चिकटलो. गोड ज्वारीच्या धाटांचा रस जिवाणूंना पाजायचा आणि त्यांच्याकडून इंजिनात जळणारं स्पिरिट काढून घ्यायचं, हे माझं काम. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याच रसातून प्लास्टिकला लागणारं आम्ल करत.

एकदा अब्बा बघायला आले. बुडबुडणारी बाटली पाहून खूश झाले.

"अरे, आपलंच काम करून राहिला की तू! डॉक्टर न्हाई झाला तर न्हाई झाला."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग कुठलाही बेकरीवाला विचारेल तेच त्यांनी विचारलं, "खमीर कुठून आणलंस?"

"देगलूरकडच्या शिंदीतून," मी उत्साहात बोलून गेलो. शिंदीच्या झाडाचा रस आंबला की चढतो, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

"म्हंजे दारू?"

"अब्बा, गाडीत घालायची हाय. कुणी पीत न्हाई."

त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. तुमच्या पिठातही थोडी तयार होते, भट्टीत उडून जाते, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण बोललो असतो तर त्यांनी पाव करणंच सोडलं असतं.

ईदच्या आधी घरी गेलो. बाह्या सरसावून परातीपाशी बसलो.

"हात धुतलास?"

"हाव."

"परत धू. साबणानं."

मला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. तरी उठलो, कोपरापर्यंत धुतलं. वळून बघतो तर अब्बांनी गोळा स्वतःच पिठात मिसळून वर ओलं फडकं टाकलं होतं.