सायलेन्सरातून आलेलं पाणी

हायड्रोजनच्या गाडीतून धूर निघत नाही, फक्त पाणी निघतं, हे मी आईला वर्षभर सांगत होते. आई वर्षभर एकच म्हणत होती, "नोकरी सोड." शेंद्र्याच्या कारखान्यात मी या गाड्यांच्या चाचण्या घेते. टाकीतला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो, त्यातून वीज तयार होते आणि त्या विजेवर गाडी पळते. इतकं साधं आहे. पण आईच्या कानात 'टाकी' आणि 'गॅस' एवढंच शिरलं. सोयगावला तिच्या माहेरी शेजारच्या घरात सिलेंडर फुटला होता, तेव्हापासून ती शेगडीसुद्धा हातभर लांब उभी राहून पेटवते. मी रोज सकाळी डबा घेऊन फुटायला जाते, अशी तिची समजूत. दिवाळीपर्यंत राजीनामा दिला नाहीस तर अन्नाला शिवणार नाही, असं तिनं जाहीर केलं. आई बोलते ते करते. मला खरंच घोर लागला.

शेवटी साहेबांच्या मागे लागून चाचणीची गाडी घरावरून न्यायची परवानगी काढली. एकदा ती आत बसली की भीती जाईल, असं मला वाटत होतं. मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत गाडी इतक्या गुपचूप शिरली की रस्त्यात खाट टाकून पडलेले शेजारचे काका हललेसुद्धा नाहीत. त्यांच्यासाठी हॉर्न वाजवावा लागला.

आई ओट्यावर आली ती पदर नाकाला लावूनच. मी गाडीमागं वाकून सायलेन्सराच्या नळीकडं बघत राहिले. थेंब पडायला लागले तशी आनंदानं ओरडले, "आई, पाणी आलं!"

ज्या शहरात नळ आठवड्यातून कधीतरी एकदा येतो, तिथं हे शब्द असे ओरडायचे नसतात. गल्लीभर पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या. बादल्या, हंडे, पिंपं बाहेर आली. समोरची मावशी डोक्याला शिकेकाई लावलेली तशीच धावली.

"कुठंय?" काकांनी विचारलं. मी नळीकडं बोट दाखवलं. सगळे वाकले.

"एवढंच व्हय?" काका म्हणाले. "टँकर म्हणून कायी कामाची नाय."

"पैठणला जाऊन आलं की हंडाभर पडेल," मी घाईनं म्हणाले.

"पैठणच्या धरणाचं पाणी पायपानं येईना, आता तू हंड्या-हंड्यानं आणतीस का?" मावशी म्हणाली आणि गल्ली खदखदून हसली. एवढं शिकून माझी ही किंमत! मला रडू यायचंच बाकी होतं.

आई मात्र हसली नाही. ओट्यावरून खाली उतरली.

"टाकी कुठं हाय?"

"मागच्या सीटखाली."

"आन् तू बसतीस कुठं?"

"पुढं."

"येकटीच?"

"हो."

ती घरात गेली, चपला घालून बाहेर आली आणि दाराला कुलूप लावलं. माझा जीव भांड्यात पडला.

"पटलं ना आता, फुटत नाही म्हणून?"

"नाय पटलं," आई म्हणाली. माझ्या शेजारची सीट सोडून तिनं मागचं दार उघडलं आणि बरोबर टाकीवर मांड ठोकून बसली. "पण फुटलीच तर आधी मला लागंल. चल."