न्हाणीघरातलं मशीन

टीपताई सकाळपासून घड्याळाकडे बघत होती. अकरा वाजता घरमालकीण घर बघायला येणार होती, आणि भाडेकरारात स्वच्छ लिहिलं होतं की घरात कोणताही धंदा चालणार नाही.

टीपताई हे गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. बाई प्रत्येक शिवणीवर दुहेरी टीप मारायची. नवरा सोडून गेल्यावर त्याच टिपांवर तिने लेकीला वाढवलं. पण मशीनची खडखड काही लपत नाही. तीन वर्षांत तीन घरं सुटली, लेकीच्या तीन शाळा बदलल्या. ही चौथी जागा, एक बेडरूमची, खिडकीतून भरपूर उजेड येणारी. ती मिळावी म्हणून तिने दलालाला ठोकून दिलं होतं की आपण कचेरीत कामाला आहोत.

तिने मशीन पायडलच्या टेबलावरून सोडवून न्हाणीघरात ठेवलं, वर चादर टाकली. कापडं, कात्र्या, रिळं पलंगाखाली गेली. रिकाम्या टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं कापड घालून, वह्या मांडून तिने लेकीला बसवलं.

"पायडलवर पाय ठेवू नकोस हं. खडखडेल."

"आई, दहाव्यांदा सांगतेयस."

घरमालकीण निवृत्त शिक्षिका होती आणि नजर अजून वर्गातलीच होती. स्वयंपाकघर झालं, बेडरूम झाली. ती न्हाणीघराकडे वळली तशी टीपताई आडवी आली.

"आत्ताच फरशी धुतलीय बाई. घसराल."

"असू दे मग," म्हणत मालकीण बाहेरच्या दाराकडे निघाली. टीपताईच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात तिला दिसलं, मालकिणीच्या लांब कोटाची खालची मुडप उसवून लोंबत होती.

"थांबा, पायात येईल!" ती खाली बसलीसुद्धा. खांद्यावर खोचलेली दोऱ्याची सुई काढली, बाहेरून दिसणार नाहीत असे सात टाके घातले, गाठ मारली, दाताने दोरा तोडला. आणि मग तिला कळलं, आपण काय करून बसलो. लेकीने कपाळावर हात मारून घेतला.

मालकीण मुडपीवरून बोट फिरवत राहिली. मग सरळ न्हाणीघरात गेली आणि तिने चादर उचलली.

"बाई, पाया पडते," टीपताई म्हणाली. "पोरीचं हे वर्ष तरी पुरं होऊ द्या."

"इथे गंजेल हे," मालकीण म्हणाली. "खिडकीशी घ्या. खाली जाड सतरंजी घाला आणि दोन ते चार बंद ठेवा, खालचे आजोबा झोपतात. आणि यापुढे माझ्याशी खोटं बोलायचं नाही."

मालकीण गेली, मशीन जागेवर आलं. लेकीनेच सुईत दोरा ओवून दिला.

"आई, ठेव ना पायडलवर पाय आता."

टीपताईने दाराकडे बघितलं. खडखड लपवायची सवय लागलेला पाय काही पुढे सरकेना.