रेडिओला हुंकार देणारा ज्ञानोबा

ज्ञानोबा गेला, हे मला कळलं नातवाच्या मोबाइलवरून. नातू म्हणाला, "आजोबा, तुमचे ज्ञानोबातात्या गेले. ग्रुपवर आलंय." मी विश्वासच ठेवला नाही. याआधी दोनदा हा गृहस्थ गेल्याची बातमी आली होती. एकदा तर मी हार घेऊन पोचलो आणि त्यानंच दार उघडून विचारलं, "कुणाचं लगीन हाय रं?" तो हार मग त्यानं स्वतःच गळ्यात घातला आणि चहा होईपर्यंत उतरवला नाही. या खेपेला मात्र दार त्याच्या बायकोनं, सरूवहिनींनी उघडलं...

आज मारुंजीच्या शिवारात उभं राहिलं तर चहूकडं उंच इमारती दिसतात. पन्नासच्या दशकात त्या शिवाराला लागून आमचं गाव होतं, भोवती भाताची खाचरं होती आणि चावडीत सरकारनं दिलेला एक रेडिओ होता. त्याची बॅटरी उतरली की ती सायकलला बांधून दापोडीला चार्जिंगला न्यायचं काम माझं. इतकी जड, की चढाला मी सायकल पुढं रेटायचो आणि ती मला घेऊन मागं यायची.

आमच्याकडं कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांपैकी एकानं 'व्हय... बरं... मग?' असा हुंकार द्यायचा, ही रीत. हुंकार नसला तर सांगणारा अपमान समजून उठून जायचा. आता हा रेडिओतला पाहुणा रोज संध्याकाळी पुण्याहून येऊन बोलतोय आणि सगळी चावडी मुकी, हे पाटलांना बरं दिसेना. त्यांनी हुंकाराला ज्ञानोबाला नेमलं. त्याचा आवाज असा, की इकडं त्यानं 'व्हय' म्हटलं की तिकडं दापोडीच्या फाटकात आगगाडी थबकायची. बाजारभाव, हवामान, शास्त्रीय गाणं, सगळ्याला त्याचा हुंकार. इंग्रजी बातम्यांनासुद्धा! मी एकदा विचारलं, "तुला काय कळलं रं त्यातलं?" तर म्हणाला, "कळायचं काय त्यात? माणूस तळमळीनं बोलतोय न्हवं?"

एका उन्हाळ्यात रेडिओवर जपानी पद्धतीच्या भातशेतीची माहिती सुरू झाली. राब भाजायचा नाही, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा नाही, रोप गादीवाफ्यावर करायचं, दोरी धरून सरळ ओळीत लावायचं, आणि मूठभर काड्या न खोचता एका ठिकाणी दोन-तीनच. शेवटी बोलणाऱ्यानं विचारलं, "मग शेतकरी बंधूंनो, यंदा करून पाहणार ना?" ज्ञानोबानं सवयीनं ठोकून दिलं, "व्हय, करणार की!"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "ज्ञानोबा, पंचांसमोर हुंकार दिलास बरं का." चावडीतला हुंकार म्हणजे शब्द. त्यावर आमच्याकडं लग्नं ठरलेली, बांधाची भांडणं मिटलेली. ज्ञानोबाला भाताचं खाचर होतं एकच, आणि त्यावरच घरातली सगळी तोंडं वर्षभर जेवायची.

सरूवहिनींनी ऐकलं आणि तव्यावरची भाकरी तशीच करपू दिली. "पेटीला व्हय म्हणताना मला इचारलंत? पोरं उपाशी राहिली तर ती पेटी जेवू घालणार हाय का?" दुसऱ्या संध्याकाळी त्या थेट चावडीत येऊन रेडिओसमोर बसल्या. तोवर बाई चावडीत बसली नव्हती. पाटील खाकरले. वहिनी म्हणाल्या, "खाचर माझं जाणार, मग कान दुसऱ्याचं कशाला?" यावर पाटलांनाच हुंकार द्यावा लागला.

आषाढात लावणी झाली. दोन-दोन काड्यांचं ते खाचर बघायला माणसं मुद्दाम वाट वाकडी करून यायची. "ज्ञानोबा, खाचर भादरलंस का रं?" हसण्यावारी नेलं असतं, पण पंधरवड्यात रोपं पिवळी पडली. ज्ञानोबाचा चेहराही तसाच पिवळा. वहिनी रेडिओवाल्या पाहुण्याला तोंडानं विचारून थकल्या. "हा बाबा नुसता बोलतोय, आपलं कायबी ऐकून घेत न्हाई!" विकसनशील देशात प्रसारमाध्यमांनी काय करावं, यावर पुढं मी बरीच भाषणं ऐकली, दोन-तीन ठोकलीसुद्धा. पण त्यांत मी वहिनींचंच हे वाक्य लांबण लावून सांगत होतो.

वहिनींनी मला पुण्याच्या रेडिओला कार्ड लिहायला बसवलं. एके संध्याकाळी रेडिओतून आमच्या गावाचं नाव आलं, मग सरूबाईंचं आणि त्यांचा प्रश्न. हुंकार द्यायला ज्ञानोबाचा आवाजच फुटेना... बायकोचं नाव पुण्याहून आलेलं ऐकून त्या गड्याचे डोळे भरले होते. वहिनीच बोलल्या, "ऐकतीया मी. सांगा." रेडिओ म्हणाला, "आपल्या ग्रामसेवकांशी संपर्क साधावा."

ग्रामसेवक समोरच बसलेला! इस्त्रीची पँट, पायात बूट. सगळी चावडी त्याच्याकडं वळली. सकाळी बिचारा पँट दुमडून गुडघाभर चिखलात उतरला, चिखल वर काढून हुंगला आणि म्हणाला, "मुळं कुजतायत. पाणी सोडून द्या, जमीन जरा सुकू द्या." ज्ञानोबा किंचाळला, "आषाढात खाचरातलं पाणी सोडू? येडा हायेस का?" पाऊस तेव्हा नेमका दडी मारून बसलेला. सोडलेलं पाणी परत मिळेल याची खात्री कुणाला? वहिनींनी खाचराकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, कुदळ उचलली आणि बांध फोडला. पाणी वाहून जाताना ज्ञानोबा बांधावर मटकन बसला.

चार दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग पाऊस आला आणि पाठोपाठ हिरवा रंगही.

भात किती झालं? मी कायम दुप्पट सांगत आलो. ज्ञानोबा चौपट सांगायचा. आणि आतून वहिनींचा आवाज यायचा, "वर्सभर पुरलं, एवढंच खरं." साठ वर्षं त्या नवराबायकोचं यावर जमलं नाही.

तेराव्याला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. खिडकीखाली जिथं गाड्या उभ्या असतात, तिथंच ते खाचर होतं. नातवंडं जमली होती, शेजारची कंपनीतली पोरंही होती. मी त्या खाचराची गोष्ट सुरू केली आणि रंगात येऊन ज्ञानोबाचा आकडा सांगून बसलो. "चौपट भात झालं, राव! मळणीला बैल चक्कर येऊन पडले!" नातीनं आजीकडं पाहिलं. "आजी, खरंच का गं?" मीही मान खाली घालून वहिनींच्या फटक्याची वाट बघत होतो.

वहिनींनी पदर सारखा केला. खिडकीतून खाली पाहिलं...

"तेवढं झालंच व्हतं," त्या म्हणाल्या. "वाईच जास्तच असंल."