विलायची घातलेलं प्रभूभोजन

माझी आई प्रभूभोजन न घेता मेली, असं चर्चमध्ये सांगत फिरणाऱ्यांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

साफ खोटं आहे ते.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर मी गप्प बसले. आता नाही बसणार.

आई मूळची वळसंगची. लग्न होऊन सोलापुरात आली, शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली, पण बोलणं शेवटपर्यंत गावचंच. शांताबाई म्हटलं की आमच्या चर्चच्या मंडळीत लहान पोरंसुद्धा सरळ बसायची.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांसाठी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभूभोजन असतं. येशूने मरणाआधी शिष्यांबरोबर भाकर मोडली, प्याला दिला, त्याची आठवण. भाकरीचा एक लहान तुकडा आणि घोटभर द्राक्षरस.

हे सगळं तयार करायची माझी आई. बावीस वर्षं.

शनिवारी काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, धुवट फडक्यातून गाळायचे. ब्रेडच्या कडा काढून बोटाच्या पेराएवढे चौकोन कापायचे. काम करताना ती प्रार्थना करायची, आणि मधेच आम्हाला शिव्याही घालायची.

मग माझ्या धाकट्या बहिणीने, एस्तेरने, मल्लिनाथशी लग्न केलं. तो अक्कलकोटकडचा लिंगायत, सात रस्त्याला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. आई लग्नाला गेली. नुसती गेली नाही, पहिल्या रांगेत उभी राहून अक्षता टाकल्या.

कुणीतरी फोटो चर्चच्या ग्रुपवर टाकला. झालं.

पंच कमिटी बसली. परधर्माच्या विधीत भाग घेतला म्हणून आईला 'शिस्तीखाली' ठेवलं. म्हणजे माफीपत्र देईपर्यंत प्रभूभोजन बंद.

एक पंच घरी आले समजूत घालायला. "शांताबाई, दोन ओळी लिहून द्या. अक्षता टाकल्या ते चुकलं, एवढंच."

"तांदूळ व्हते ते. पोरीच्या डोक्यावर टाकले. दगुड तर न्हाय टाकले?"

त्यांना चहा दिला. माफीपत्र नाही दिलं.

आणि खरी गंमत पुढेच आहे.
रस आणि ब्रेडचं काम तिच्याकडेच राहिलं!
दुसऱ्या कुणाला तसं जमत नाही म्हणे. तीन वर्षं तिच्या हातचा रस अख्ख्या मंडळीला चालला, फक्त तिने तोंडाला लावायचा नाही.

मी चिडायचे. "सोड ना ते काम. त्यांचं त्यांना करू दे."

"त्यांच्यासाटी करतीया व्हय मी?"

रविवारी ट्रे तिच्यासमोरून पुढे जायचा. ती मान खाली घालायची नाही. ट्रे धरणाऱ्याकडे बघत राहायची. खाली बघायची वेळ त्याच्यावर यायची.

रडली एकदाच, घरी येऊन, चप्पल काढता काढता. "भूक लागल्यावानी वाटतं गं," म्हणाली. त्या दिवसापासून माझ्या मनात जो राग आहे, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मग तिचं लिव्हर गेलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

घरी आल्यावर तिने जेवण मागितलं नाही, औषध मागितलं नाही. "मला प्रभूभोजन पायजे."

प्रभूभोजन देतात ते आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब. मी त्यांना फोन केला. वाईट माणूस नाहीत ते, घाबरट आहेत. म्हणाले, "ताई, माफीपत्रावर सही झाली तर मी आत्ता येतो. नाहीतर कमिटी मला ठेवणार नाही."

मी आईला जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मल्लिनाथला बोलवा."

तो भरदुपारी दुकान बंद करून आला. आईने खाटेवरूनच त्याला कृती सांगितली. मनुके किती, पाणी किती, कधी गाळायचं. स्वयंपाकघरात तो एकटा. एस्तेरने आईच्या खाटेजवळ बसून ब्रेड कापला.

रस आला. आईने वास घेतला.

"विलायची घातली व्हय?"

तो ओशाळला. "देवाचं हाय म्हटल्यावर घातली, मामी. आमच्यात घालतेत. परत करू का?"

"ऱ्हाऊ द्या." आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मी बायबलमधलं वचन वाचलं. एस्तेरने कप पुढे केला, तर आईने तिचा हात बाजूला सारला.

"तू न्हाय. त्यांना देऊ दे."

मल्लिनाथ दोन पावलं मागे सरकला. "मला चालतंय का, मामी? मी तुमच्यातला न्हाय की."

"मेज प्रभूचं हाय. माझं असतं तर मी बी चार कमिट्या बसवल्या असत्या. द्या."

ज्याच्यामुळे तिचं प्रभूभोजन बंद केलं, त्याच्याच हातून तिने घेतलं. तुकडा खाल्ला, कप रिकामा केला, आमेन म्हणाली.

"पोट भरलं."

तिसऱ्या दिवशी गेली.

हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे. दीक्षित पाळक नव्हता, कमिटीचा ठराव नव्हता, वर विलायची होती. ज्याला आक्षेप घ्यायचा त्याने खुशाल घ्यावा. मी देवापुढे उत्तर देईन, पंचांपुढे नाही.

आज संध्याकाळी सहा वाजता घरी तिच्या आठवणीची उपासना आहे. पाळकसाहेब, तुम्हालाही आमंत्रण आहे. पण कमिटीला विचारून येणार असाल तर राहू द्या.

वचन मी वाचणार. प्रार्थना मल्लिनाथ करणार, कन्नडमधून. त्यानेच विचारलं, "मी करू का?" मी म्हटलं, तूच कर.

ज्यांना हे चालत नाही त्यांनी घरी बसावं. बाकी सगळ्यांनी या, कुठल्याही धर्माचे असा. आमच्या दाराशी कुणी काही विचारणार नाही.

सलाम, आई.

तू आता ज्या पंगतीला बसली आहेस, तिथून तुला कुणी उठवू शकत नाही.