पोट माझं, बातमी सगळ्यांची

सौंसरच्या मैत्रिणींनो, आज हद्दच झाली. डोकं असं तापलं आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं वजन बरोबर आहे, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. सुटलं आहे ते फक्त पोट. म्हणून मी महिनाभरापासून सकाळी चालून राहिली, पोटाचे व्यायाम करून राहिली. पण सासूबाईंचं रोजचं एकच, "इतकी भरभर चालू नको. पोटावर जोर देऊ नको." वरून डिंकाचा लाडू हातात. मला वाटलं, माया आहे.

आज नवऱ्याच्या मामींनी आम्हा सासूसुनेला रामाकोन्याला जेवायला बोलावलं. जेवणं झाली तसं मामींनी मला पाटावर बसवलं, दार लोटलं आणि पदरात खण, नारळ, तांदूळ घालून हळूच म्हणाल्या, "कोणाले सांगू नको बरं, चोरओटी हाय."

चोरओटी! दिवस गेलेल्या बाईची गुपचूप भरतात ती!

"मामी, दिवसबिवस काही नाई. नुसतं पोट सुटलं आहे!"

मग सासूबाई म्हणतात, "मंग माये इतके लाडू गेले कुठं?"

मी पोटावर हात ठेवला. "हे काय, इथंच आहेत."

परत येताना ऑटोत सासूबाई तोंड फिरवून बसल्या. म्हणजे राग पण माझ्यावरच!

बायांनो, सुनेच्या पोटावर साऱ्या खानदानाचं लक्ष असते. मग तिलेच एकदा विचारायला काय जाते?